उकिरडा, मोड आणि बोहारीण : मराठी घरातील टाकाऊचा इतिहास

एकोणिसाव्या शतकातील मराठी घरातून, मग ते खेड्यातले असो की पुण्या-साताऱ्याच्या पेठेतले, कायमचे टाकून दिले जाई असे फार थोडे होते. चुलीतली राख, गोठ्यातले शेण, फाटके लुगडे, भोक पडलेला तांब्या, नारळाची करवंटी, प्रत्येकाचा पुढचा मुक्काम ठरलेला असे. उरत ती खापरे आणि दगडमाती. पुढे पर्यावरणपूरक म्हणून ज्या सवयींचा पुरस्कार होऊ लागला, त्यांतल्या बहुतेक या घरात होत्याच. मात्र त्यांच्यामागे निसर्गाविषयीचा कळवळा शोधू नये. कापड, धातू, सरपण आणि खत महाग होते, माणसाचे कष्ट स्वस्त होते. त्यातही बायकांचे कष्ट फुकट होते आणि गावकुसाबाहेरच्यांचे सक्तीचे. या हिशेबावर सारी व्यवस्था उभी होती आणि हिशेब बदलला तसतशी ती मोडत गेली.

सुरुवात चुलीपासून होई. देशावर जळणाला बाभळीची लाकडे, तुराट्या, पऱ्हाट्या, ज्वारीची धसकटे आणि गोवऱ्या. कोकणात पालापाचोळा, माडाच्या झावळ्या, सोडणे आणि करवंट्या. म्हणजे जळणाचा मोठा भाग हा मुळातच शेतातला आणि झाडाखालचा उरलासुरला माल. चुलीतून निघे ती राख. राखेतला क्षार तेलकटपणा कापतो, म्हणून भांडी राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासली जात. तांब्या-पितळेला वरून चिंचेचा कोळ किंवा आमसुलाचे पाणी. बियाण्याला आणि कडधान्याला कीड लागू नये म्हणून राख चोळून ठेवत. गोवरी जाळून केलेली राखुंडी दात घासायला लागे. एवढे करून उरलेली राख परसातल्या भाजीच्या वाफ्यावर किंवा उकिरड्यावर जाई. केस धुवायला शिकेकाई, रेशमी वस्त्रांना रिठे. न्हाणीच्या मोरीचे पाणी थेट अळवाच्या, केळीच्या, कर्दळीच्या वाफ्यात सोडलेले असे. आज हीच युक्ती सांगताना एक गोष्ट बहुधा राहून जाते : त्या पाण्यात धुण्याचा सोडा आणि रासायनिक पावडरी नव्हत्या.

ताटावरचा हिशेबही असाच होता. भाताचा कोंडा, डाळीची चुणी, भाज्यांची देठे-साले आणि तांदळाचे धुवण गाई-म्हशींच्या आंबोणात जाई. पंगतीला केळीची पाने किंवा पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण असत. जेवणे झाली की पाने गुरांपुढे किंवा खतात. खरकटे काढणे आणि शेण लावणे हे शुद्धाशुद्धतेचे विधी मानले जात. त्यातून परिणाम मात्र असा होई की अन्नाचा कण जमिनीवर कुजत पडत नसे.

शेण ही या घरातली सर्वांत जास्त मागणी असलेली वस्तू. सारवणाला शेण, अंगणात सड्याला शेण, गोवऱ्यांना शेण आणि शेताला शेणखत. त्यामुळे त्याची ओढाताण कायमची. हिंदुस्थानातला शेतकरी अडाणीपणामुळे खत जाळतो, असा इंग्रज अधिकाऱ्यांचा आवडता आरोप होता. तो खोडून काढला तोही एका इंग्रज तज्ज्ञानेच. इंग्लंडच्या रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांना १८८९ मध्ये सरकारने पाहणीसाठी पाठवले. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांनी लिहिले की शेतकऱ्याला शेणखताची किंमत नीट ठाऊक आहे. सरपण मिळत नाही म्हणून तो शेण जाळतो. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय गावोगाव सरपणासाठी झाडे राखण्याचा होता. जंगलखात्याने रानांवर निर्बंध घातले तो हाच काळ. त्यामुळे गोवऱ्यांकडे केवळ मागासलेपणाची खूण म्हणून पाहणे चूक आहे.

उकिरडा घरामागे किंवा गावाच्या कडेला असे. शेण, राख, केर, गुरांच्या पायाखालचा ओला चारा, सारे त्यावर पडे आणि पाऊस सुरू होण्याआधी, चैत्र-वैशाखात, गाड्या भरून शेतात जाई. तो आदर्श होता असे मात्र म्हणता येत नाही. उघड्या ढिगावर ऊन आणि पाऊस पडून खताचे सत्त्व उडून किंवा वाहून जाई, माश्या होत आणि दुर्गंधीही सुटे. ढिगाऐवजी खड्डा करा, त्यावर माती टाका, हा शेतीखात्याचा उपदेश विसाव्या शतकात पिढ्यान्‌पिढ्या चालू होता, यावरूनच तो किती ऐकला गेला हे कळते.

शहरात उकिरड्याला जागा नव्हती आणि तिथे प्रश्न अधिक अवघड होता तो मैल्याचा. पुण्याजवळ खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पुरे झाले, मुठा कालव्यांच्या पाण्यावर हडपसर-मांजरीच्या बाजूला ऊस वाढला आणि उसाला खताची भूक मोठी. नगरपालिका शहरातला मैला राखेत आणि केरात मुरवून त्याचे सोनखत करी. बागाईतदार ते पैसे मोजून नेत. शहराने खाल्लेले पुन्हा शेतात पोचवणारी ही साखळी कागदावर फार सुंदर दिसते. पण तिचा पहिला दुवा होता डोक्यावर टोपली घेऊन घरोघरच्या पाठीमागच्या दाराने येणारा भंगी समाजाचा माणूस. मेलेल्या गुरांचेही तसेच. जनावर ओढून नेणे हे महारांचे वतनी काम, कातडे कमावणे ढोरांचे, त्याच्या मोटा, चपला आणि वाद्या करणे चांभारांचे. जनावराचे काहीच वाया जात नसे, हे खरे. पण ते कोणाच्या जिवावर, हाही प्रश्न त्याच्याबरोबर येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या महाड परिषदेत मेलेली गुरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडून देण्याचे आवाहन केले आणि पुढच्या वर्षांत गावोगाव त्यावरून महार वस्त्यांवर बहिष्कार पडले. जुन्या काळची काटकसर आठवताना हा भाग वगळला तर इतिहास अर्धाच उरतो.

धातूच्या बाबतीत व्यवहार स्वच्छ आणि चोख होता. तांब्या-पितळेची भांडी ही घराची शिल्लक असे. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून तांबट कारागीर वसलेले होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तांब्या-पितळेचे काम हा शहरातला एक प्रमुख धंदा होता. पत्रे विलायतेहून येत, ठोक्याचे काम इथे होई. भांडे वजनावर विकले जाई आणि झिजले, चेपले, फुटले की वजनावरच परत घेतले जाई. याला मोड म्हणत. मोडीचा भाव नव्याहून कमी असे, फरक द्यायचा आणि नवे भांडे घेऊन जायचे. मोड वितळवून किंवा पुन्हा ठोकून नवी भांडी होत. लग्नातल्या भांड्यांवर नाव घालण्याची पद्धतही व्यवहाराची होती : पंगतीसाठी शेजारून मागून आणलेली भांडी ज्याची त्याला परत गेली पाहिजेत.

पितळी भांड्याची एक अडचण होती. त्यात आंबट पदार्थ, ताक किंवा आमटी राहिली की ती कळकत, चव बिघडे आणि पोटालाही बाधे. त्यावर तोड कल्हईची. कल्हईवाला भाता, कोळसा आणि कथलाची कांडी घेऊन गल्लीत बसे. जमिनीत खड्डा करून त्यात भट्टी पेटवायची, भांडे तापवायचे, नवसागराची चिमूट टाकून आतला पत्रा साफ करायचा, कथील टेकवायचे आणि ते वितळताच कापसाच्या बोळ्याने सर्रकन फिरवायचे. मग भांडे चर्रदिशी पाण्यात. पांढऱ्या धुराचे लोट आणि भांड्याचा एकाएकी चांदीसारखा झालेला रंग पाहायला पोरे भोवती जमत. कथील महाग, म्हणून लबाड कल्हईवाला त्यात शिसे मिसळी आणि शिसे हे विषच. त्यामुळे ओळखीचा कल्हईवाला सोडून दुसऱ्याला भांडी न देणारी घरे फार होती.

दुरुस्तीवर जगणारे असे आणखी कितीतरी लोक दारावर येत. सुऱ्या-विळ्यांना धार लावणारा, जात्याला टाकी लावणारा, बादलीला नवे बूड बसवणारा, छत्रीच्या काड्या बदलणारा, गादीचा कापूस पिंजून देणारा पिंजारी, सुपाला-टोपलीला नवी बांधणी करणारा बुरूड. खेड्यात यांतले काही बलुतेदार होते आणि त्यांची मजुरी धान्यात चुकती होई, शहरात रोख. वस्तू दुरुस्त होऊ शकेल अशीच घडवलेली असे, कारण घडवणारा आणि दुरुस्त करणारा बहुतेक वेळा एकच होता. बाहेरून आलेल्या नव्या वस्तूही या साखळीत सहज ओढल्या गेल्या. रॉकेलच्या चौकोनी डब्याचे पाण्याचे डबे झाले, धान्याच्या कोठ्या झाल्या आणि पत्रा कापून छपरालाही लागला. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. वनस्पती तुपाला नाके मुरडणाऱ्या घरांतही त्याचा पिवळा डबा मात्र पीठ, साखर, तुळस आणि परसाकडच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे नांदला.

कापडाची कथा सर्वांत लांब आहे. मुंबईत कावसजी दावर यांच्या पहिल्या कापडगिरणीची उभारणी १८५४ मध्ये सुरू झाली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. तरी गिरण्यांचे कापड स्वस्त होऊन घरोघर पोचल्यावरही सामान्य घरात बाईला वर्षाला दोन लुगडी मिळाली तरी पुष्कळ. नऊवारी लुगडे आधी सणावाराला, मग रोजच्या वापराला. मधे विरले की दांड भरून, म्हणजे मधला विरलेला भाग कापून काढून दोन बाजू जोडून, पुन्हा नेसायला. त्यानंतर त्याच्यातून परकर, झबली, टोपडी. नवजात बाळाला नवे कापड न घालता वापरून मऊ झालेले जुने कापड घालण्याची रीत होती. तिला शुभाशुभाची कारणे चिकटली, पण मुळात ती कोवळ्या कातडीची सोय होती. दुपटी आणि लंगोटही जुन्या लुगड्यांचेच.

मग गोधडी. देशावर आणि मराठवाड्यात तिला वाकळ असेही म्हणतात. खाली-वर बऱ्यापैकी धडकी लुगडी किंवा धोतरे, मधे चिंध्यांचे थर आणि काठाकडून आत चौकोनात फिरत जाणारा धावदोरा. कामे उरकली की उन्हाळ्याच्या दुपारी दोघी-तिघी जणी मिळून ती शिवायला बसत. तो टाका नुसती नक्षी नव्हे : जवळजवळ घातलेल्या टाक्यांमुळे थर सरकत नाहीत आणि विरलेल्या कापडालाही धुण्याचा मार सोसतो. फाटलेली गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाई. त्यातूनही सुटलेले तुकडे पायपुसणे, पोतेरे आणि शेवटी चुलीत. नऊ वारांचा एकेक वार असा शेवटपर्यंत वसूल होई. गोधडीत जाणारे श्रम कोणी कधी मोजले नाहीत. गेल्या काही दशकांत शहरी दुकानांतून हाताने शिवलेल्या गोधड्या विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्या श्रमाला पहिल्यांदा किंमत लागली, आणि ती पाहून जुन्या कापडाची गोधडी सामान्य घराला का परवडत होती हेही कळले.

शहरातल्या मध्यमवर्गीय घरात, जिथे गोधडी शिवायला वेळ नव्हता आणि कपडे थोडे अधिक होते, तिथे बोहारीण आली. बोहारणी बहुधा गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या. डोक्यावर भांड्यांची टोपली, काखेत कपड्यांचे बोचके, आणि वेळ दुपारची, पुरुष कचेरीत गेल्यानंतरची. जुन्या कपड्यांवर भांडे, हा सौदा. सदरे, धोतरे, सुती लुगडी यांचे भाव वेगळे. सुटाच्या विजारीचा वेगळा. जरीच्या शालूवर तिची नजर विशेष, कारण अस्सल जर जाळून त्यातली चांदी काढता येई. घरातली बाई एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस करी, बोहारीण दोनदा उठून निघून जाई आणि तिसऱ्यांदा सौदा पटे. मराठी विनोदी लेखनाने हा प्रसंग पुष्कळ रंगवला. त्यात बोहारीण नेहमी धूर्त ठरते. प्रत्यक्षात तिच्या मालाला बाजारात काय भाव मिळेल हे तिला आधीच ओळखावे लागे आणि चुकले तर तोटा तिचाच.

बोहारणीचे बोचके पुढे कुठे जाई हे घरातल्यांना फारसे ठाऊक नसे. मुंबईत जुन्या कपड्यांचा बाजार पहाटे भरतो. तिथे माल वेगळा होतो. धड कपडे रफू करून, धुऊन, इस्त्री करून मजुरांना आणि खेड्यांत विकले जातात. जे शिवण्याच्या पलीकडचे, त्यांच्या चिंध्या कापून यंत्रे पुसायला कारखान्यांत जातात. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरत आला. तिथे कपड्यांपासून कुलपांपर्यंत सगळेच जुने मिळे. खेड्यापाड्यांत हेच काम भंगारवाल्याने केले. मोडक्या लोखंडावर कांदे-बटाटे, बाटल्यांवर पोरांना खारे दाणे किंवा म्हातारीचे केस. विंचरून गळालेल्या केसांच्या गुंतवळ्यावरही फुगे किंवा वाटी मिळे.

कागदाला चिंध्यांचेच नाते. जुन्नर, पुण्यातला कागदीपुरा आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा ही हातकागदाची जुनी ठिकाणे. गोणपाट, चिंध्या आणि जुने कागद कुटून लगदा होई. १९४० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या हातकागद संस्थेनेही सुती चिंध्यांचाच कागद केला. छापील वर्तमानपत्रे घरोघर आल्यावर रद्दी हा नवा व्यवहार सुरू झाला. वाण्याच्या पुड्या रद्दीच्या, भेळ रद्दीत, वह्यांना पुठ्ठे रद्दीचे, आणि महिनाअखेरीला रद्दी विकून आलेले पैसे बहुतेक घरांत गृहिणीचे स्वतःचे. रद्दीवाल्याचा तराजू मारलेला असतो हा समज सार्वत्रिक होता आणि तो अगदीच निराधार नव्हता. दुधाचीही अशीच व्यवस्था होती. १९४९ मध्ये मुंबईत आरे दूध वसाहत उभी राहिली, आणि पुढची काही दशके मुंबईकरांनी रिकामी धुतलेली काचेची बाटली देऊन रंगीत पातळ पत्र्याच्या टोपणाची भरलेली बाटली आणली. प्लास्टिकच्या पिशव्यांनी ती पद्धत संपवली.

महानगर मात्र या साखळीत कधीच पुरते बसले नव्हते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि कचऱ्याची धास्ती पसरली. नगरपालिकेने चेंबूरच्या दलदलीची जमीन घेतली आणि शहराचा केर रेल्वेच्या डब्यांतून तिकडे जाऊ लागला. ती कचरागाडी म्हणून ओळखली जाई. १९२७ पासून देवनारला कचरा पडू लागला. इथून पुढे केराची विल्हेवाट हे घराचे काम न राहता नगरपालिकेचे झाले, आणि दाराबाहेर टाकले की संपले ही सवय लागली. चाळीत परस नव्हते, गुरे नव्हती, राख टाकायला वाफा नव्हता. सवय बदलली यात रहिवाशांचा दोष थोडा.

याच काळात काही माणसे उलट्या दिशेने विचार करत होती. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या शेती-संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्रात भिजलेली माती आणि राख थराथराने रचून, ठरावीक दिवसांनी उलटून, काही महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. १९३१ मध्ये दोघांनी मिळून त्यावर पुस्तक लिहिले आणि इंदूर पद्धत जगभर गेली. उकिरड्याचे हे शास्त्र. आज बाल्कनीतल्या कुंडीत ओला कचरा जिरवताना जे थर, जी हवा आणि जो ओलावा सांभाळायला सांगतात, ते मुळात हेच आहे. जगभर नाव हॉवर्ड यांचे झाले, वाड यांना महाराष्ट्रातही फारसे कोणी ओळखत नाही.

कोकणात सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१), यांनी प्रश्नाला जातीच्या बाजूने हात घातला. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले, ते नाकारले गेले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनी उपोषण केले. १९४८ मध्ये कणकवलीत त्यांनी गोपुरी आश्रम उभारला. मेलेल्या गुरांची कातडी त्यांनी स्वतः सोलली आणि मैल्याला हात न लावता त्याचे खत होईल असा सोपा संडास तयार केला. सोनखताची जुनी साखळी टिकवायची, पण तिच्यातली टोपली आणि टोपली वाहणारे डोके काढून टाकायचे, हा त्यामागचा विचार. त्यांच्या विचारांतून पुढे आलेले डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर देहूच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर होते. गावातले रोग हगणदारीतून येतात हे पाहून त्यांनी संडास बांधायला घेतले. सुरुवातीचे टिकले नाहीत, पण पुढे त्यांनी संडासाला जोडलेले, मैल्यापासून स्वयंपाकाचा गॅस देणारे ‘मलप्रभा’ संयंत्र तयार केले. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

मैल्यापासून गॅस ही कल्पना मुंबईला नवी नव्हती. १८९७ मध्ये माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्यापासून निघणाऱ्या गॅसवर दिवे लावले गेले होते. घरगुती संयंत्राला आकार दिला तो जशभाई पटेल यांनी १९५० च्या दशकात. तरंगत्या लोखंडी झाकणाचा त्यांचा नमुना १९६० च्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने उचलला आणि महाराष्ट्रातल्या गोठ्यांशेजारी गोबरगॅस दिसू लागला. त्याने शेणाची जुनी ओढाताण सोडवली : गॅस चुलीला, उरलेली मळी शेताला. एक घनमीटर गॅसला सुमारे २५ किलो शेण लागते, म्हणजे दोन-तीन जनावरांचे. चार-पाच जनावरे, जागा आणि पाणी असलेल्यांनाच तो परवडला आणि भूमिहीनाच्या चुलीला त्याचा उपयोग झाला नाही. उलट पूर्वी वाटेवरचे फुकट मिळणारे शेण आता मालक उचलू लागले. पुढे पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने शेणाऐवजी खरकटे, पीठ आणि फळांचे अवशेष यांवर चालणारे छोटे संयंत्र बनवले. त्याला २००६ मध्ये अॅश्डेन पुरस्कार मिळाला.

दरम्यान घर पुरते बदलले होते. १९५० च्या दशकात मुंबईत सिलिंडरचा गॅस आला आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत चूल, तिच्याबरोबर राख, आणि राखेबरोबर तिचे सगळे उपयोग गेले. आधी ‘जर्मनची’ म्हणून ओळखली जाणारी अॅल्युमिनियमची पातेली, मग स्टेनलेस स्टील. कल्हईवाल्याचा धंदा बसला. टेरिलिन आणि पॉलिएस्टर बोहारणीला फारसे कामाचे नव्हते. ते घाम शोषत नाहीत, त्यांची गोधडी उबदार होत नाही आणि त्यांच्या चिंध्यांनी तेल पुसले जात नाही. या बदलांतले बरेचसे बायकांच्या सोयीचे होते. धुराने डोळे भरणारी चूल आणि राखेने फुटणारे हात परत यावेत असे ते सोसलेल्या कोणाला वाटणार नाही.

खरी अडचण प्लास्टिकच्या पिशवीने केली, कारण तिला मोड नव्हती. पातळ मळकी पिशवी वेचून, धुऊन, विकून वेचणाऱ्याच्या हाती काहीच पडत नसे, म्हणून ती गटारात राहिली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई बुडाली, तेव्हा तुंबलेल्या गटारांचा दोष प्लास्टिकवर गेला. २००६ मध्ये ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर राज्यात बंदी आली. २३ मार्च २०१८ ची बंदी अधिक व्यापक होती आणि तिची अंमलबजावणी २३ जूनपासून सुरू झाली. कापडी पिशवी पुन्हा खुंटीवर आली, भाजीवाल्याची पातळ पिशवी मात्र अनेक ठिकाणी चालूच राहिली.

ज्याला भाव होता ते मात्र कधीच वाया गेले नाही. ते उचलणारे हात तेवढे बदलले. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर मराठवाडा-सोलापूरकडून पुण्यात आलेल्या दलित स्त्रियांपैकी अनेक जणी रस्त्यावरच्या कुंड्यांतून कागद, काच, पत्रा वेचू लागल्या. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या कार्यकर्त्या प्राध्यापिकांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. वेचणे हे भीक मागणे किंवा चोरी नसून काम आहे, हे तिने महापालिकेकडून मान्य करून घेतले. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, ही तिची साधी मागणी होती. हाताने कचरा वेगळा करणाऱ्या बाईला त्यात काय आहे हे आधी कळावे, एवढाच तिचा अर्थ. शहराचा मिसळलेला कचरा ज्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या जुन्या खाणींत जात होता, तिथल्या विहिरी तोवर नासल्या होत्या आणि गावकरी वारंवार गाड्या अडवत होते.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरावेचकाची व्याख्या आली आणि वेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली गेली. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगवेगळा ठेवून देणे प्रत्येक घराला बंधनकारक झाले, आणि तो उचलणाऱ्या सेवेचे शुल्क भरणेही.